जेवणाच्या सुट्टीतली मंजुरी

१

गुडघ्याचं ऑपरेशन करून महिन्याभरानं मी कारखान्यात पाय ठेवला. वाटलं होतं, टेबलावर फुलं असतील. टेबलावर गुड्रून बसली होती. आमची मालकीण चिडली की खुर्ची वापरत नाही.

"बिर्ते, मला लुटलंय," ती म्हणाली. "आणि लुटणाऱ्यानं सही माझीच वापरलीये."

"आधी उतर. मला बसू दे. मग सावकाश लुटून घे स्वतःला."

ती उतरली. आमच्याकडे मालकिणीलाही अगं-तुगंच चालतं. शिवाय हिशेबाचं खातं मी तिच्या वडिलांच्या वेळेपासून सांभाळतेय.

आम्ही मासेमारीच्या बोटींचे पंप बनवतो. कारखाना फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या, काठावर आहे आणि माणसं इतकीच, की दुपारी सगळी एका लांब टेबलाभोवती बसून जेवतात. पूर्वी कुणाला काही मागवायचं असलं की गुलाबी चिठ्ठी लिहायची. ती चिठ्ठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची आणि बरेचदा कुणाच्या तरी कॉफीच्या कपाखाली कायमची वस्तीला जायची. मग कोपनहेगनहून आस्गर आला. त्यानं कॉम्प्युटरवर मंजुरीची साखळी बसवली. मागणी टाकली की ती आपोआप पहिल्या पायरीवर, म्हणजे कामाच्या मुकादमाकडे, प्रेबेनकडे जाते. त्यानं 'मंजूर' दाबलं की हिशेबाकडे, म्हणजे माझ्याकडे. मी दाबलं की गुड्रूनकडे. तिनं दाबलं की माल निघाला. साखळी नको म्हणून मी बरीच कटकट केली होती, पण गेल्या वर्षभरात एकही मागणी कपाखाली सापडली नव्हती, हे मान्य करावं लागेल.

"झालं काय?" मी विचारलं.

"मी नॉर्वेच्या डोंगरात असताना कुणीतरी बारा किलो काळी पूड मागवली. पितळ घासायची. पैसे गेले, माल आला, आणि गोदामात चिमूटभरसुद्धा नाही."

"वापरली असेल."

"बारा किलो? तेवढ्यात अख्खं बंदर घासून निघेल." तिनं माझा स्क्रीन स्वतःकडे वळवला. "आणि हे वाच. तिसरी पायरी. मंजूर, गुड्रून. मी त्या दिवशी बर्फात उताणी पडले होते. तिथे फोनला रेंज नव्हती, कॉम्प्युटर तर लांबच."

"मग तुझ्या नावानं कुणीतरी दाबलं."

"वेळ बघ."

मी वेळ बघितली. ऐन जेवणाची. त्या वेळी एकूण एक माणूस टेबलावर राय धान्याचा काळा पाव आणि हेरिंग मासा खात असतो. फोन दारातल्या टोपलीत टाकायचे, हा नियम खुद्द गुड्रूनचा. म्हणजे ज्या क्षणी मालकिणीची सही झाली, त्या क्षणी कारखान्यात कुणाच्या हाताशी ना फोन होता ना कॉम्प्युटर. सगळ्यांच्या हातात काटे-चमचे.

"हा प्रकार कळल्याशिवाय मी ही साखळी ठेवणार नाही," गुड्रून म्हणाली. "तिच्या कराराची मुदत गुरुवारी संध्याकाळी संपतेय. तोवर कळलं नाही तर पुन्हा गुलाबी चिठ्ठ्या. आणि साखळी नसेल तर साखळीवाला कशाला ठेवू? आस्गरला जावं लागेल. मला वाईट वाटेल, पण जावं लागेल."

तो मंगळवार होता.

"आणि हे मी का शोधायचं?"

"कारण तू त्या वेळी घरी पाय वर करून पडली होतीस. बाकी सगळ्यांवर माझा संशय आहे."

२

आधी आस्गरकडे गेले. हा पोरगा साधं 'कॉफी कुठेय' विचारलं तरी यंत्राच्या पोटात पाणी कसं तापतं तिथून सुरुवात करतो. साखळीबद्दल विचारलं तर मी सोबत डबा घेऊन बसते.

"तिसरी पायरी गुड्रूनशिवाय कशी पार झाली?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

मी वाट बघितली. पुढे काहीच आलं नाही. दोन वर्षांत इतकं छोटं उत्तर त्याच्याकडून मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"आस्गर, तुझी नोकरी जाईल. कळतंय का?"

"कळतंय." त्यानं बॅग उचलून मांडीवर घेतली, आणि तिच्यातून पोहण्याचा चष्मा घरंगळून माझ्या पायाशी पडला. कोरा, दुकानातली चिठ्ठी अजून लटकत होती. तो इतक्या घाईनं वाकला की आमची डोकी आपटली.

"पोहायला लागलोय," तो कपाळ चोळत म्हणाला. "आपल्या गावच्या तरणतलावात. रोज सकाळी."

"चांगलं आहे. मांड्या भरतील जरा."

"बिर्ते, गुड्रूनला एवढं सांगशील? शुक्रवार दुपारपर्यंत थांब म्हणावं."

"शुक्रवारी काय आहे?"

"काही नाही," तो म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. स्क्रीन बंद होता.

तिथून प्रेबेनकडे. पहिल्या पायरीवर त्याचं 'मंजूर' होतं. प्रेबेन म्हणजे दारात मावणार नाही एवढा माणूस. मला बघून त्यानं दोन्ही हात पाठीमागे लपवले, शाळेत डाग पडलेल्या पोरासारखे.

"हात दाखव."

"कशाला?"

"मुकादम, हात."

नखांत लाल रंग होता. बायकोनं बागेचं फाटक रंगवायला लावलंय, असं तो म्हणाला. बाहेर फ्योर्डच्या कडेला बर्फ धरला होता. असल्या थंडीत रंग डब्यातून बाहेर यायला तयार नसतो, फाटकावर कुठला बसतोय. पण मी फक्त मान डोलावली. खोटं बोलणाऱ्याला थोडी मोकळीक द्यावी, म्हणजे तो आणखी बोलतो.

"आणि पूड?"

"चांगली पूड होती," प्रेबेन म्हणाला. "काळी."

तिसरी लेर्के. ती खरेदी बघते, आणि मी नसताना दुसऱ्या पायरीवर माझ्या जागी तीच होती. तिचे डोळे लाल झाले होते, नाक त्याहून लाल.

"रडलीस का गं?"

"सर्दी." आणि ती सलग शिंकली. मग मागच्या छोट्या खोलीचं दार तिनं पायानंच लोटून घेतलं.

"त्या खोलीत काय आहे?"

"जुन्या फायली."

"फायलींनी शिंका येतात?"

"धूळ किती असते, बिर्ते."

तिघंही खोटं बोलत होते, आणि तिघंही इतकं वाईट बोलत होते की मला त्यांची कीव आली. खरा चोर निदान तयारी तरी करून येतो.

मी टेबलाशी येऊन पूड विकणाऱ्या दुकानाला फोन लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

"तुमच्याकडून पितळ घासायची पूड घेतली होती," मी म्हणाले. "त्याच जातीची अजून हवीये."

"पितळ घासायची?" मुलगी गोंधळली. "बाई, आम्ही तसलं काही ठेवत नाही. आमचं मसाल्याचं दुकान आहे."

३

मी फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. गुडघा दुखेपर्यंत हसले.

बारा किलो काळी पूड, मसाल्याच्या दुकानातून. आमच्या भागात जन्मलेल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. लग्न न करता तिशी गाठलीस, तर वाढदिवसाच्या सकाळी मित्र दाराशी हजर होतात आणि तुझ्यावर मिरपूड ओततात, डोक्यापासून पायापर्यंत. पंचविशीला दालचिनी, तिशीला मिरी. जीव जरा जास्तच असेल तर तेलाची रिकामी पिंपं एकावर एक जोडून, लाल रंगवून, मिरी दळायच्या यंत्राचा भला मोठा पुतळा करतात आणि अंगणात उभा करतात. सगळ्या गल्लीला कळायला हवं ना.

आणि आस्गर शुक्रवारी तीस वर्षांचा होत होता.

मी प्रेबेन आणि लेर्केला त्या छोट्या खोलीत नेलं. दार उघडताच मलाही शिंक आली. फायलींच्या मागे पोती होती.

"आता बोला."

"आस्गरला कळलं तर नाही ना?" लेर्केनं आधी हेच विचारलं. "मागणीत मिरी लिहिली असती तर त्यानं बघितलं असतं. सगळ्या मागण्या त्याला दिसतात. म्हणून पितळेची पूड लिहिलं."

"आणि कारखान्याच्या पैशानं?"

"गुड्रून आली की तिला सांगणार होतो. ती नाही म्हणाली नसती," प्रेबेन म्हणाला. "मागणी तिच्या पायरीवर पडून राहील असं वाटलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी सुटली. आम्हाला वाटलं, तिनं डोंगरातून दाबलं असेल."

"मग मला का नाही सांगितलं?"

लेर्केनं एका पोत्याचं तोंड उगाच घट्ट बांधलं.

"बोला की."

"बिर्ते, राग मानू नकोस," लेर्के म्हणाली. "पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. प्रेबेनच्या बायकोला दिवस गेलेत ही बातमी मी जेवणाच्या टेबलावर सांगितली होती, तिनं प्रेबेनला सांगायच्या आधीच, हे खरं आहे. पण त्याला किती वर्षं झाली.

आम्ही तिघं गुड्रूनकडे गेलो. मिरीचं ऐकून ती टेबलावर थाप मारून हसली. लेर्केनं सुटकेचा श्वास टाकला.

"मिरी माफ," गुड्रून म्हणाली. "उलट मलाही ओतायला बोलवा. पण सही माफ नाही. तुमच्यापैकी कुणी दाबली?"

"आम्ही नाही," दोघं एकदम म्हणाले.

"मग कुणीतरी दुसऱ्यानं दाबली. आज मिरी आली, उद्या जहाजाचं इंजिन येईल. माझ्या नावानं कुणीही हो म्हणू शकत असेल तर कारखाना कसा चालवायचा? गुरुवार संध्याकाळ. मुदत तीच."

ज्याच्यासाठी तीन संध्याकाळी थंडीत उभं राहून पिंपं कापली, त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याची नोकरी जाणार होती. प्रेबेनसारखा माणूस बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकला.

४

बुधवार कोरडा गेला. मी सगळ्यांना विचारलं. त्या दिवशी जेवणाला कोण नव्हतं? सगळे होते. मध्येच उठलं कोण? कुणीच नाही, कारण पावावर लावायची लिव्हरची पेस्ट ताजी होती.

गुरुवारी सकाळी मी घरून निघायच्या आधी गुडघ्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईचा फोन आला. पाण्यातले व्यायाम अजून लांबणीवर, म्हणाली. तरणतलावाच्या फरशा उखडल्यात, नाताळपासून टाळं आहे, ईस्टरपर्यंत उघडत नाही.

मी फोन हातात धरून उभी राहिले. नाताळपासून टाळं. आणि आस्गर रोज सकाळी पोहतोय.

मग चष्मा कशासाठी? मिरी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. त्याला माहीत होतं. पोराला सगळं माहीत होतं.

पण माहीत असणं वेगळं आणि मालकिणीची सही करणं वेगळं. तोही त्या दिवशी टेबलावरच होता, माझ्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारी. मी कॉफी ओतली. खिडकीत केकचा रिकामा खोका होता, फेकवत नव्हता म्हणून ठेवलेला. मी घरी पडून असताना माझा वाढदिवस झाला, तेव्हा बेकरीचा माणूस बदामाच्या केकवर छोटे झेंडे खोचून घेऊन आला होता. सोबत कार्ड: तुझ्यावाचून करमत नाही, गुड्रून. वाचून मी थोडी रडले होते. तिचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

कारखान्यात पोचल्यावर पहिलं काम तेच केलं. "गुड्रून, केक फार छान होता गं."

"कसला केक?"

"माझ्या वाढदिवसाचा."

तिचा चेहरा पडला. "बिर्ते, मी तर तेव्हा डोंगरात होते. मी नाही पाठवला."

मी लंगडत माझ्या स्क्रीनपाशी गेले आणि केकची मागणी शोधली. तिसरी पायरी. मंजूर, गुड्रून. वेळ, ऐन जेवणाची.

५

आस्गर पंप तपासायच्या टाकीपाशी एकटाच उभा होता. पाण्याचा आवाज इतका, की दुसऱ्या कुणाला ऐकू जायची भीती नव्हती.

"तलाव बंद आहे," मी म्हणाले.

"कुठला तलाव?" आणि मग त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"आता मी सांगते, तू फक्त मान हलव. माझा केक आणि ती पूड, दोन्ही गुड्रून नसताना, तिच्या नावानं, जेवणाच्या वेळेत सुटले. माणसं जेवत होती, म्हणजे दाबणारं माणूस नव्हतंच. साखळीनं आपणहून सोडलं. साखळी आपणहून काही करत नाही, तिला कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. तुला सांगितलं कुणी?"

"गुड्रूननंच," तो म्हणाला. "ती गाडीवर स्की बांधत होती. म्हणाली, मी नसताना कुणाचा केक अडकता कामा नये. वाढदिवसाचं म्हणून जे येईल ते माझ्या नावानं सोडून दे. मी म्हटलं, मंजुरीपुढे 'साखळी' असं लिहू का? ती म्हणाली, यंत्राकडून केक कुणाला आवडतो का, माझं नाव लिही, कार्डावरसुद्धा. करमत नाही हे वाक्यही तिचंच. सगळे जेवायला उठले की कॉम्प्युटर मोकळे असतात, म्हणून ती वेळ मी ठेवली."

"आणि ती विसरली."

"स्कीचा पट्टा तुटला ना त्याच वेळी. तिला नंतर काहीच आठवत नसावं."

"पण पूड तर पितळेची म्हणून आली होती. तिला वाढदिवसाच्या वाटेला कुणी लावलं?"

आता मात्र तो हसला. "पितळेची पूड, मसाल्याच्या दुकानातून. लेर्केचं दुकानाचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. गुड्रूनची वाट बघत राहिली असती तर मिरी वेळेत आलीच नसती. म्हणून मी त्यावर 'वाढदिवस' अशी खूण केली. खोटं थोडंच होतं?"

"अरे गाढवा, मग हे गुड्रूनला सांगायला काय धाड भरली होती? नोकरी चालली होती तुझी."

"ती लगेच ओरडत प्रेबेनकडे गेली असती. तुला माहितीये तिचा आवाज. शुक्रवारी, मिरी पडून गेल्यावर सांगणार होतो." तो टाकीतल्या पाण्याकडे बघत राहिला. "बिर्ते, दोन वर्षं झाली मला इथे येऊन. लोक चांगले आहेत, पण मी कोपनहेगनवालाच. गेल्या आठवड्यात शेडच्या मागून जात होतो, तर प्रेबेन पिंपं कापताना दिसला. हात गारठलेले, तोंडानं फुंकर घालतोय आणि लेर्केला विचारतोय, आस्गरला लाल आवडेल ना. माझ्यासाठी असं कुणी कधीच केलं नव्हतं. ते मी कसं मोडणार? नोकरी दुसरी मिळाली असती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टाकीतलं उडालं असं मी म्हणाले.

गुड्रूनला मी बंद दाराआड सगळं सांगितलं. स्कीच्या पट्ट्यापाशी आले तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"म्हणजे माझ्या नावानं हो म्हणणारी मीच."

"तूच. साखळीनं तुझा शब्द पाळला. तू विसरलीस, ती विसरली नाही. आता आवाज खाली ठेव, उद्यापर्यंत."

तिनं माझ्यासमोरच करार वाढवला. फक्त एक बदल सांगितला: यापुढे साखळीनं सोडलेल्या मागणीवर साखळीचंही नाव दिसू दे, केक असला तरी. जेवणाच्या टेबलावर ती उठून म्हणाली, "ती सही माझीच होती. मी विसरले होते. चौकशी संपली, हेरिंग इकडे द्या." प्रेबेन आणि लेर्केला तिनं व्हरांड्यात गाठून वाढदिवसाच्या वाटेचं सांगितलं. पितळेची पूड त्या वाटेला कशी गेली, हे तिनं सांगितलं नाही. त्यावर प्रेबेन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघ, साखळी किती हुशार. आम्ही न सांगता ओळखलं तिनं."

"हो ना," मी म्हणाले. जीभ दातांखाली धरून.

शुक्रवारी उजाडताना आम्ही सगळे आस्गरच्या अंगणात होतो. लाल पिंपांचं यंत्र छपरापर्यंत पोचलं होतं. बेल वाजवली. आस्गर बाहेर आला, जुना रेनकोट घालून, स्वच्छ आकाशाखाली. दोन्ही हात वर करून म्हणाला, "अरे बापरे, हे काय आहे, मला काहीच कल्पना नव्हती." शाळेच्या नाटकातलं झाडसुद्धा याहून बरं काम करतं. पण लेर्के आनंदानं उड्या मारत होती. "बघा, बघा त्याचा चेहरा. खरंच कळलं नव्हतं त्याला."

प्रेबेननं खिशातून पोहण्याचा चष्मा काढला. "डोळ्यांना लाव. तुझ्यासाठी आणलाय."

"नको, माझ्याकडे आ—" आस्गर बोलून गेला.

मी पहिली मूठ थेट त्याच्या तोंडावर मारली. पुढचं सगळं शिंकांमध्ये वाहून गेलं. मग पोती उलटी झाली, गुड्रून सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती, शेजारी खिडक्या उघडून टाळ्या वाजवत होते. काळाठिक्कर झालेला आस्गर मिरीच्या ढिगात बसून हसत होता आणि रडत होता, आणि रडणं मिरीचं नव्हतं हे फक्त मला माहीत होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही गावातले नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

परवा सकाळी माझ्या स्क्रीनवर एक मागणी आली. पितळ घासायची पूड, बारा किलो. मागणारा आस्गर. पुढच्या महिन्यात लेर्के तीस वर्षांची होतेय. नियमानं मागणी आधी प्रेबेनकडे जायला हवी होती, पण या एका मागणीपुरती आस्गरनं साखळीची पहिली पायरी बदलली होती. तिथे माझं नाव होतं, आणि खाली एक ओळ: बिर्ते, सगळ्यात आधी तुला सांगतोय.

मी 'मंजूर' दाबलं. लेर्के समोरच बसली होती. "काय गं, एकटीच का हसतेस?" तिनं विचारलं.

"गुडघा बरा वाटतोय आज," मी म्हणाले.